याकोबनंतरचा स्वल्पविराम

बुडबुडा मोहरीएवढा. सिरिंजच्या दट्ट्याला चिकटून बसलेला. नळी उभी धरून नखाने टिचकी मारली तरी जागचा हलत नाही, दुसऱ्या टिचकीला जरा सरकतो, पुन्हा बसतो, आणि मग स्वतःच कंटाळून किरमिजी शाईतून सावकाश वर चढू लागतो... ट्रूडी क्लासनने श्वास धरला. एवढ्याशा हवेने काय होतं, असं कुणीही म्हणेल — चर्चच्या समितीतले पुरुष तर म्हणतातच — पण एवढीशी हवाच छपाईयंत्राच्या कार्ट्रिजच्या स्पंजात जाऊन ठाण मांडते, शाईची वाट अडवते, आणि पहिल्या तीस प्रती अशा झकास निघतात की माणूस गाफील होतो, नि एकतिसाव्या प्रतीला चेहरा हिरवा पडतो. काल पडलाच होता. अंत्यविधीच्या पत्रिकेच्या पहिल्या पानावर नेटा थीसन, वय अठ्ठ्याऐंशी, निळा ब्लाउज घालून हसत होत्या आणि एकतिसाव्या प्रतीपासून त्या काकडीच्या रंगाच्या झाल्या. हसू मात्र तसंच राहिलं.

बुडबुडा सुईच्या तोंडाशी आला. ट्रूडीने दट्ट्या केसभर दाबला. शाईचा एक थेंब कागदी रुमालावर पडला आणि त्याच्याबरोबर हवाही गेली. आता सुई आत घालायची. कार्ट्रिजच्या माथ्यावरची चिकटपट्टी सोलली की खाली तीन भोकं असतात, आणि कुठल्या भोकाखाली कुठला रंग हे अंदाजाने ठरवायचं नसतं, दातकोरणं आत बुडवून बघायचं. एकदा का पिवळ्यात निळी शाई गेली की पुढचे दोन महिने चर्चची सगळी फुलं पालेभाजी होऊन छापली जातात. सुई थेट तळाशी टेकवायची, किंचित वर घ्यायची, आणि मग शाई सोडायची ती इतक्या हळू की आपण सोडतोय की नाही अशी आपल्यालाच शंका यावी. घाई केली तर शाई कडेकडेने वर येते, मधे पोकळी राहते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, भरलं. वरून भरलेलं नि आतून पोकळ... हे वाक्य कोर्नी पेनरना सांगितलं तर ते रविवारच्या प्रवचनात नक्की घालतील, असं तिच्या मनात आलं आणि हात हलू नये म्हणून तिने हसू दाबलं.

शाई भोकाच्या तोंडाशी चमकली. थांबायचं, दोन थेंब परत ओढून घ्यायचे, भोकं पट्टीने बंद करायची, पण पट्टीखालची हवेची बारीक खाच मोकळी ठेवायची, कारण तीही बंद झाली तर शाई खाली उतरतच नाही. हवा आत नको आणि वरून मात्र हवीच. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, बारा वर्षांत चुकत चुकत कळलंय.

या वेळची चूकही तिचीच होती. शरद ऋतूत कधीतरी किरमिजी शाईच्या दोन बाटल्या कपाटात सापडल्या होत्या, दोन्हींच्या बुडाशी दोन दोन बोटं शाई, रंग डोळ्यांना सारखाच, बनवणारे वेगळे. एकीतली दुसरीत ओतली आणि रिकामी बाटली धुऊन ठेवली. पण शाईशाईत फरक असतो. एक असते विरघळलेल्या रंगाची, दुसरी बारीक पुडीची, आणि दोघी एकत्र आल्या तरी महिनोन्महिने गुण्यागोविंदाने राहतात, मग एक दिवस त्यांचं दही होतं. आज सकाळी सुईतून शाईऐवजी तार निघाली तेव्हा तिला कळलं. मग सगळी जुनी शाई उपसून काढणं, कोमट पाण्याने स्पंज पुन्हा पुन्हा धुणं, पाणी फिकट होईपर्यंत. कार्ट्रिजचं तोंड ओल्या उबदार फडक्यावर टेकवून बसणं, बारीक छिद्रं मोकळी होईपर्यंत. आणि शेवटी नवी, सीलबंद बाटली फोडणं.

दोन अर्धवट बाटल्या दिसल्या की त्या एकत्र केल्याशिवाय तिच्याच्याने राहवत नाही. हे वळण तिच्या आईचं नव्हे — आई साबणाची झिजलेली चिपटी खुशाल फेकून द्यायची. हे थीसनांच्या घरचं. तिथे चिपट्या ओल्या करून एकमेकींवर दाबल्या की नवी वडी व्हायची. तीन बरण्यांच्या बुडांतला जॅम एका बरणीत जायचा, रूबार्बचा, प्लमचा आणि तिसरा कशाचा ते देव जाणे. उरलेल्या सूपमध्ये उरलेलं सूप. नेटा थीसनांच्या स्वयंपाकघरात काहीही एकटं पडून संपत नसे. म्हणजे ही चूक थीसनांच्या मुलीनेच करावी अशी चूक झाली... असं वाटून ट्रूडीला भलताच आनंद झाला, आणि सवयीप्रमाणे तो आनंद तिने लगेच उलटून पाहिला. कामाला ठेवलेल्या मुलीलाही घराचं वळण लागतंच की. जास्तच लागतं.

ती सात वर्षांची असताना आईला क्षय झाला. आई इस्पितळात, वडील उत्तरेला लाकडाच्या गिरणीवर, आणि चर्चने ट्रूडीला थीसनांकडे ठेवलं. चार वर्षं ठेवलं. आई बरी होऊन आली तेव्हा ती अकराची होती, परत गेली. गाव एकच, चर्च एकच, सगळं सरळ झालं. पण त्या चार वर्षांत पाहुणे आले की नेटा थीसन तिच्याकडे हात करून म्हणायच्या, “ही आमची मेयल.” आमच्या जर्मन बोलीत मेयल म्हणजे मुलगी, कुठलीही पोर. आणि घरात कामाला ठेवलेली पोर, तीही मेयलच. पोटच्या मुलीसाठी वेगळा शब्द आहे, पण तो त्या स्वतःच्या मुलीसाठी, हेडीसाठीसुद्धा वापरत नसत, हेडीला नुसतं हेडी म्हणत. म्हणजे पुरावा काहीच नाही. पन्नास वर्षं ट्रूडी हा शब्द खिशातल्या नाण्यासारखा उलटसुलट करत आलीय. दुःख म्हणून नव्हे, असं ती म्हणते. लग्न झालं, दोन मुलं मोठी होऊन विनिपेगला गेली, आई जाऊनही वीस वर्षं झाली — नुसतं कुतूहल म्हणून. पण कुतूहल असं पोटात दुखत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

आणि आता हा कागद. हेडीने हाताने लिहून पाठवलेला, पत्रिकेच्या आतल्या पानाचा मजकूर: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, कोंबड्यांचा व्यवसाय, स्त्रीमंडळातली सेवा. शेवटी ती ओळ जी सगळे आधी वाचतात. *त्यांच्या पश्चात पती आब्राम, मुले हाइनरिख, हेडविग, याकोब,* — आणि पुढे अर्धी ओळ कोरी. मग खालच्या ओळीवर नातवंडं अकरा, पतवंडं चार, असा परिवार आहे. याकोबनंतर स्वल्पविराम आहे. पूर्णविराम नाही, “आणि” नाही. स्वल्पविराम, शेपटी नीट वळवलेला. हेडीने पस्तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. ती स्वल्पविराम वाऱ्यावर सोडणारी बाई नाही. मग तो काय आहे — कुणाची तरी जागा धरून ठेवलीय, की लिहिता लिहिता फोन आला नि उठून गेली? मी काल दुपारपासून किती वेळा बघितला असेन? दहा? वीस? भिंग घेऊनसुद्धा पाहिला, हे कुणाला सांगायची सोय नाही.

खरं तर एवढंच आहे सगळं. त्या कोऱ्या अर्ध्या ओळीत आपलं नाव येणार की नाही. टंकणारी मी, छापणारी मी; मनात आणलं तर पाच अक्षरं टाकायला किती वेळ? दोनशे चाळीस प्रती, अख्ख्या गावाच्या हातात. आणि म्हणूनच ते मला करता येत नाही.

“अजून भरतेच आहेस?”

कोर्नी पेनर दारात उभे होते. चर्चचे कारभारी नि रविवारचे प्रवचनकार, चौऱ्याहत्तरीचे, खिशात कायम सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया; बोलता बोलता टरफलं डाव्या मुठीत जमा करायची त्यांची रीत.

“भरून झालं, कोर्नीभाऊ. आता मुरू द्यायचंय. दोन तास.”

“कितव्यांदा भरलंस हे?”

“आठव्यांदा.”

“मग पुष्कळ आहे अजून. प्रभूने भावाला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलंय. कार्ट्रिजने काय घोडं मारलंय?”

“प्रभूच्या वेळी छपाई नव्हती, भाऊ. असती तर त्याने नवं आणलं असतं.”

“नवं!” त्यांनी छातीवर हात ठेवला. “नेटामावशी पेटीतून उठून बसेल. तिच्या पत्रिकेला नवं कार्ट्रिज!” मग हसू आवरून म्हणाले, “काल आमच्या हिने एक प्रत उचलून घरी आणली. म्हणते, ही हिरवी का झालीय? म्हटलं, अगं वसंत येतोय.”

“ती प्रत फाडा हं. हेडीच्या हाती नको लागायला.”

“फाडतोय कशाला, मागची बाजू कोरी आहे.” जाता जाता ते वळले. “हेडी येणार आहे दुपारी. काहीतरी राहिलंय म्हणाली मजकुरात.”

“काय राहिलंय?”

“मला काय ठाऊक? नावं असतील. अशा कागदात नावांशिवाय असतं काय?”

त्यांचे बूट जिना चढून गेले. तळघरातल्या या खोलीची खिडकी जमिनीलगत आहे, बाहेरची माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. बूट चिखल तुडवत गाडीपर्यंत गेले, थांबले, टरफलं झाडली गेली. ट्रूडी बघत राहिली. काहीतरी राहिलंय... म्हणजे फोन आला नि उठून गेली असंच असेल. एखाद्या पतवंडाचं नाव. किंवा एखादा जावई. आपण कशाला चुळबुळ करायची? भिंतीपलीकडे चर्चच्या स्वयंपाकघरात उद्याच्या अंत्यविधीच्या जेवणाचे बन भाजायला घातलेले, त्याचा वास येत होता, आणि तिला भूक लागली नव्हती.

दोन तास. कार्ट्रिज ओल्या कागदावर तोंड खाली करून बसलंय, त्याच्याखाली तीन रंगांचे तीन पट्टे हळूहळू पसरताहेत. पट्टे अखंड आले तर वाट मोकळी. उचलून बघायचा मोह होतो. बघायचं नाही.

पुरावे गोळा करायची ही खोड जुनी. एक फ्रॉक होता, निळ्यावर पांढरे ठिपके, हेडीचा आणि तिचा एकाच ताग्यातला. तो धुताना एकदा तिने खालची मुडप उलटून पाहिली. चांगलं चार बोटं कापड आत दुमडलेलं, पुढे सोडायला. म्हणजे ही पोर इथे वाढणार, दोन वर्षांनी उंच होणार, असं कुणीतरी शिवता शिवता मनात धरलेलं... आठ वर्षांची ट्रूडी तो फ्रॉक तसाच हातात धरून बसून राहिली होती. मग मोठेपणी, स्वतःच्या मुलीला शिवताना लक्षात आलं, की थीसनांच्या घरात उशीच्या अभ्र्यालासुद्धा चार बोटं मुडप असायची. अंडी होती. शनिवारी टोपल्याच्या टोपल्या अंडी पुसायची, हेडी आणि ती, दोघी. पण हेडी दहा वाजता पियानोला जायची नि उरलेली ट्रूडी पुसायची, तर ते काम झालं की नाही मेयलचं? आणि तरी एकदा — तिला हे स्वच्छ आठवतं, नेटा थीसनांचे हात पिठात होते — त्या म्हणाल्या होत्या, “तुला शिकायचाय का गं पियानो?” आणि ट्रूडीने नाही म्हटलं होतं. नाही हेच बरोबर उत्तर असणार असं तिला वाटलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर? मुलीला माणूस पुन्हा विचारतो, कामवालीला एकदाच... पण हेडीलाही त्या कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसत.

आणि बटाटे. वडील तिला न्यायला आले तो दिवस. पुठ्ठ्याची पेटी दारात, आब्राम थीसन वडिलांशी हवापाण्याचं बोलताहेत, मुलगे, हाइन नि याश, ओळीने उभे, हेडी रडतेय; आणि नेटा थीसन नाहीत. तळघरात बटाटे निवडायला गेल्यात, असं कुणीतरी म्हणालं. जून महिना होता. जूनमध्ये तळघरात निवडण्यासारखे बटाटे असतात तरी किती? ट्रूडी गाडीत बसली, गाडी फाटकाबाहेर गेली, कुणी वर आलं नाही. त्यानंतर पन्नास वर्षं दर रविवारी त्या चर्चमध्ये चार बाकं पुढे बसल्या, भेटल्या की “बरी आहेस ना, ट्रूडी” म्हणाल्या, उन्हाळ्यात जॅमची बरणी हातात ठेवली, आणि बटाट्यांचं तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही, हे तिला सोमवारी बातमी कळली तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं. रडू नाही आलं, नुसता राग आला. की बाई, आता मी कुणाला विचारू?

एक वाजता तिने कार्ट्रिज उचललं. तीन पट्टे, तिन्ही अखंड, किरमिजी सगळ्यात ठसठशीत. अंगात एकदम हलकं वाटलं. तिने ते यंत्रात बसवलं, सफाईचा फेरा एकदा दिला — दोनदा द्यायचा नाही, नुसती शाई वाया — आणि चाचणीचं पान काढलं. रेघा एकसंध होत्या. मग मुखपृष्ठ लावलं.

“दार उघड गं, हात भरलेत माझे!”

हेडी थीसन उद्याच्या कॉफीसाठी साखरेच्या चौकोनी खड्यांचे सहा डबे छातीशी धरून आत आली, डबे टेबलावर सोडले, आणि चिखलाचे बूट दारातच काढून मोज्यांवर यंत्राशी येऊन उभी राहिली. ट्रूडीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, उंच, अजूनही वर्गात शिरल्यासारखी शिरणारी.

“आईचा चेहरा कसा येतोय बघू. कोर्नी पेनर म्हणाला हिरवा येतो.”

“त्यांना सांगितलं होतं मी... तीस प्रतींपर्यंत चांगलाच येतो. एकतिसाव्याला कळेल.”

“मग मोजू या.”

दोघी मोजत उभ्या राहिल्या. यंत्र करकरत एकेक पान सोडत होतं, नेटा थीसन एकेक करून बाहेर येऊन एकमेकींवर निजत होत्या, गुलाबी गालांच्या, निळ्या ब्लाउजच्या. बावीस. तेवीस. हेडी मोठ्याने मोजायची, ट्रूडी मनात. अठ्ठावीस. ट्रूडीने नकळत टेबलाची कड धरली होती. तीस. एकतीस. गाल गुलाबीच. बत्तीस, तेहेतीस...

“पास!” हेडी म्हणाली. “काय झालं होतं?”

ट्रूडीने बाटली दाखवली, तळाशी साकळलेली. “दोन वेगवेगळ्या शाया एकत्र केल्या होत्या मी. दही झालं.”

हेडी बाटलीकडे बघत राहिली, मग तिच्याकडे, आणि एकाएकी हसत सुटली, इतकी की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. “अगं देवा... आईने गेल्या वर्षी दोन औषधं एका बाटलीत ओतली होती. खोकल्याचं नि पोटाचं. मी ओरडले, तर म्हणे, दोन्ही माझ्याच पोटात जायचीत ना, वाटेत भेटली तर काय बिघडलं?” तिने डोळे पुसले. हसण्याचंच पाणी होतं बहुधा. यंत्र चालूच होतं. मग ती म्हणाली, “ट्रूडी, तो स्वल्पविराम पाहिलास?”

“पाहिला.”

“मी चुकून नाही टाकला.”

“तू टाकणारच नाहीस.” आवाज आपलाच का, असं ट्रूडीला वाटलं.

“काल जेवताना भांडलो आम्ही तिघं. हाइन म्हणाला, ट्रूडीचं नाव मुलांतच घाला, उगाच वाद कशाला. याश म्हणाला, तिला तिची आई होती, सख्खी. ती बाई मेली म्हणून तिची पोर आपण पळवायची? मी म्हटलं, ‘सांभाळलेली मुलगी’ असं लिहू. तर हाइन म्हणतो, सांभाळलेली म्हणजे? कोंबडी होती का ती?” हेडी पुन्हा हसली, पण थोडंच. “शेवटी बाबांना विचारलं. बाबांनी आधी ताटलीतलं संपवलं. मग म्हणाले, तिलाच विचारा. आपल्याला कुठे माहीत आहे?”

“आपल्याला कुठे माहीत आहे?”

“मीही असंच म्हटलं. बाबा, असं काय बोलता, चार वर्षं घरात होती. तर म्हणाले, तुझी आई म्हणायची, त्या पोरीने चार वर्षांत मला एकदाही हाक मारली नाही. आई नाही, मावशी नाही, अहो नाही, अगं नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, मी वळून बघेपर्यंत.” हेडीने साखरेचा एक डबा उगाच सरळ केला. “म्हणायची, मला कळायचं ती मागे उभी आहे ते. मी मुद्दाम उशिरा वळायचे. म्हटलं, आज तरी काहीतरी म्हणेल.”

यंत्राने पान सोडलं. आणखी एक.

“तिला वाटायचं, तुला ती नको होती. तुला तुझी आई हवी होती, आणि ते बरोबरच होतं, असंही म्हणायची.” हेडी उठली, बूट चढवू लागली. “चारला पत्रिकांच्या घड्या घालायला बायका येतील, म्हणजे साडेतीनपर्यंत सांग. काय हवं ते लिही, मी भांडणार नाही. काहीच नको असलं तर स्वल्पविराम खोडून टाक तेवढा, मला झोप नाही लागायची.” दारातून ती म्हणाली, “बन खाल्लास का? ये पलीकडे स्वयंपाकघरात, पांढरी पडलीयस.”

“येते.”

ती गेली. 

खरं होतं ते. हाक न मारता बोलायचं एक कसब असतं. सात वर्षांची असताना ते तिने एकटीने शिकून घेतलं होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही अशी तिची खात्री होती. आई म्हणायचं नाही — कारण आई एकच असते, ती तिकडे खाटेवर खोकतेय, आणि इथे दुसरीला आई म्हटलं की तिकडची मरणार, हे तिला देवाइतकं पक्कं माहीत होतं. मावशी पाहुणे म्हणायचे. मावशी म्हणणारी पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जायची. मग उरलं काय? दार. दारात जाऊन उभं राहायचं. चुलीपुढे पाठ, पाठीवर एप्रनची गाठ, गाठीची दोन टोकं एक लांब एक आखूड, आणि ती पाठ वळत नसे... कधीकधी इतका वेळ वळत नसे की ट्रूडीला वाटायचं, आपण आहोत हे हिला ठाऊक आहे आणि हिला आपल्याकडे बघायचंच नाही. तेवढं एक तरी तिने बरोबर ओळखलं होतं. ठाऊक होतं नेटा थीसनना.

म्हणजे ती थांबलेली होती. हातातलं लाटणं, पळी, जे काय असेल ते नुसतं हलवत, कान मागे देऊन. इकडे मी उंबऱ्यावर, तिकडे ती चुलीशी, मधे सहा पावलं, आणि दोघी एकमेकींची वाट बघतोय. आणि मग ती हरायची, दर वेळी तीच हरायची, वळायची नि म्हणायची, काय गं? चार वर्षं. दिवसातून किती वेळा? आणि मी आयुष्यभर विचारत राहिले ते हे, की मी तिची कोण. ती माझी कोण, हा प्रश्न तिने विचारला होता, रोज, पाठीने. आणि तो मला उद्देशून आहे हे मला कळलंसुद्धा नाही. चार बाकं पुढे बसून, पन्नास वर्षं, तिची पाठच तर दिसत होती मला.

ट्रूडीला रडू आलं नाही. काहीतरी वेगळंच होत होतं, छातीत काहीतरी जागा सोडत होतं, दुखत होतं आणि तरी बरं वाटत होतं. शब्द काय लिहायचा ते अजून ठरलं नव्हतं. साडेतीनपर्यंत ठरेल असंही दिसत नव्हतं. पण आता ते हेडीने, हाइनने, गावाने कसं वाचायचं याची तिला पर्वा उरली नव्हती. तिला एवढंच बघायचं होतं, की त्या दारात उभ्या असलेल्या पोरीने त्या पाठीला हाक मारली असती तर ती कुठली असती. ठरवून नव्हे, आपोआप. तोंडातून जी निघाली असती ती.

यंत्र कागद मागत थांबलं. खोली शांत झाली. ट्रूडी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ‘मावशी’ म्हणायला ओठ आधी मिटावे लागतात, आणि ‘आई’ म्हणायला उघडेच राहतात. तेवढंच बघायचं, आपले ओठ काय करतात ते. ती वाट बघत राहिली. घशाशी आवाज आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, तो कुठला असेल याची तिला भीती वाटत नव्हती.